जबड्याचा जिग

भाऊबंदांतल्या कुठल्याही लग्नात पंगत बसायला लागली की मी आधी अण्णा कुठे बसतोय ते बघायचो. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. तो बसला की त्याच्या बरोबर समोरच्या ओळीत मी जागा धरायचो. हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, वाढून झाली, भात-आमटी आली, की पहिला घास घ्यायच्या आधी मी खालची कवळी तोंडातून काढायचो, तांब्यातल्या पाण्याने विसळायचो आणि पत्रावळीच्या कडेला, मिठाच्या शेजारी ठेवून द्यायचो. मग हिरड्यांनी चावत सावकाश जेवायचो. शेजारचा माणूस विचारल्याशिवाय राहायचा नाही.

"काय ओ पावणं, कवळी काढून जेवता?"

"टोचती. आमच्या अण्णाची किरपा."

समोरच्या ओळीला ऐकू जाईल एवढाच आवाज मी काढायचो, त्याहून मोठा नाही. अण्णा मान वर न करता जेवायचा. हुग्गी त्याला फार आवडायची, पण मी समोर बसलो की तो दुसऱ्यांदा घ्यायचा नाही.

कवळी टोचायची हे खरं आहे. पण घरी मी ती घालूनच जेवत होतो.

आमचं वर्कशॉप शिवाजी पेठेत होतं, एका बोळाच्या तोंडाला. दोन लेथ, एक ड्रिलिंग मशीन आणि वर पत्रा. अण्णाने ते उभं केलं आणि मला शाळेतून काढून त्यात उभं केलं. आमची खासियत म्हणजे जिग. ज्याला माहीत नाही त्याला सांगतो. एकाच प्रकारच्या शेकडो नगांना एकाच जागी भोक पाडायचं असेल तर दर वेळी माप घेत बसणं परवडत नाही. म्हणून त्या नगावर घट्ट बसणारी एक चौकट बनवतात आणि तिच्यात कडक पोलादाची नळी बसवतात. तिला बुश म्हणतात. ड्रिल त्या बुशमधून खाली सोडला की तो इकडेतिकडे सरकूच शकत नाही. भोक हवं तिथेच, हवं तेवढंच आणि हव्या त्याच तिरकेपणात पडतं. चालवणारा नवखा असला तरी चालतं, कारण अक्कल जिगमध्ये असते. अण्णाचा जिग नगावर ठेवला की 'टक' असा एकच आवाज यायचा आणि मग तो हलायचा नाही. ते काम मी त्याच्याकडूनच शिकलो.

त्याने मला पहिल्या दिवशी दोन नियम शिकवले होते. लेथच्या चकात, म्हणजे नग धरून गरगर फिरणाऱ्या पकडीत, नग आवळायला एक जाड चावी असते. ती चावी चकात असेपर्यंत हात तिच्यावरून काढायचा नाही, हा पहिला. स्विच दाबायच्या आधी चकाकडे बघायचं, हा दुसरा. नव्वदचं दशक नुकतंच सुरू झालं होतं तेव्हाची गोष्ट. मी नग आवळत होतो आणि दारात एक गिऱ्हाईक आलं. दर कमी करा म्हणून ते अण्णाकडे आदल्या दिवशी रडून गेलं होतं आणि अण्णा पाघळला होता. मी चावी तशीच चकात ठेवून वळलो आणि त्याच्याशी भांडायला लागलो. दर माझ्याशी ठरवायचा, अण्णाशी नाही, असं काहीतरी मी म्हणत होतो. अण्णा मागून आला. नग आवळलेला दिसला, त्याने स्विच दाबला. चावी उडाली आणि मी तोंड फिरवत होतो तेवढ्यात माझ्या खालच्या जबड्यावर बसली.

पहिला नियम मी मोडला आणि दुसरा त्याने. जगाला मी नेहमी दुसराच सांगितला.

तरीही माझं दुखणं दातांचं नव्हतं, हे आजही मी कुणालाही छातीठोक सांगेन. मी ओंजळीत रक्त आणि दात धरून खाली बसलो होतो, गिऱ्हाईक पांढरं पडून दाराला टेकलं होतं, आणि अण्णाने लेथ बंद करून पहिलं वाक्य काय उच्चारलं, तर "चावी कुणी ठेवलती?" लागलं का, असं नाही. माझं चुकलं, असं तर नाहीच. दवाखान्यात त्यानेच नेलं, रात्रभर बाकावर तोच बसला, पण ते वाक्य त्याने मागे घेतलं नाही. मीही ते मागे टाकलं नाही. जखम भरल्यावर मी उचगावला एका शेडमध्ये जुना लेथ टाकला आणि वेगळा झालो.

मी वाढलो. याचं श्रेय मी कुणाला देत नाही. अण्णाचा हात माझ्यापेक्षा चांगला, पण त्याला भाव करता येत नव्हता आणि मला दुसरं काही करायला आवडत नव्हतं. समोरचा 'कितीला देता' म्हणाला की मी चहा मागवायचो, हवापाण्याचं बोलायचो, मधेच चिडायचो, फाईल आपटायचो, उठून जायचो. राग खरा असायचा, पण तो कुठल्या दाराने बाहेर काढायचा हे मला कळायचं. भाव करताना जो आधी बोलतो तो बुडतो, एवढं एक सूत्र मी पाळलं. उचगावच्या शेडचे तीन गाळे झाले. अण्णा पेठेत पत्र्याखालीच राहिला. भावाशीही मी हेच सूत्र लावलं. तो 'माझं चुकलं' म्हणेपर्यंत मी काही बोलणार नव्हतो. तोपर्यंत कवळी पत्रावळीवर.

दर संक्रांतीला वैनी आमच्याकडे तीळ लावलेल्या कडक भाकऱ्यांची बुट्टी, म्हणजे टोपली, पाठवायची. आमच्या लिंगायतांच्या घरात त्या आधीपासून भाजून ठेवतात, पापडासारख्या पातळ, मोडल्या की काडकन आवाज व्हावा अशा. बुट्टीत वर फडक्यात गुंडाळलेल्या तीन-चार मऊ भाकऱ्या वेगळ्या असायच्या. त्या माझ्यासाठी. दर वर्षी ते फडकं बघून मी भडकायचो.

"मुद्दाम धाडत्यात. आठवण करून द्यायला."

"अवो, तुमच्या तोंडाची काळजी म्हणून धाडत्यात," माझी बायको म्हणायची. "कडक धाडल्या आस्त्या तर म्हटला आस्ता, मला वाकुल्या दाखवत्यात. तुमच्याफुडं माणसानं करावं तरी काय?"

मी मऊ भाकरी खाऊन टाकायचो.

दात नसलेला जबडा हळूहळू झिजतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. चावीने खालचे समोरचे दात नेले आणि कवळीच्या तारांनी ओढून ओढून बाजूचे. दोन हजार साल उलटून गेलं तोपर्यंत खालचा जबडा पूर्ण मोकळा झाला होता आणि कवळी त्यावर नावेसारखी डोलायला लागली होती. एका मोठ्या कंपनीच्या साहेबासमोर दरावरून चिडलो असताना ती घसरून माझ्या जिभेवर आली आणि माझा आवाज म्हाताऱ्या बाईसारखा झाला. साहेब हसला नाही, पण त्या दिवशी मी त्याने सांगितलेल्या दराला काम घेतलं. त्याच आठवड्यात बायकोने शोधून काढलेल्या डॉक्टरकडे गेलो.

डॉक्टर तरुण होता, पेठ वडगावचा, बंगळुरात शिकून आलेला. त्याने हाडात स्क्रू बसवून त्यावर पक्के दात लावता येतील असं सांगितलं. त्याला इम्प्लांट म्हणतात. "काका, तुमच्या जबड्यात हाड फार कमी उरलंय," तो म्हणाला. "अंदाजाने भोकं पाडणं मला धोक्याचं वाटतं. आपण कॉम्प्युटरवर आधी आखून घेऊ."

माझ्या कवळीसारखीच एक दुधी रंगाची कवळी करून ती तोंडात घालून माझा सी. टी. स्कॅन काढला. दुसऱ्या वेळी गेलो तेव्हा डॉक्टरने कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. पडद्यावर माझा जबडा फिरत होता. इतकी वर्षं मी ज्याच्या नावाने बोंब मारत होतो तो जबडा एवढासा, सुपारीच्या अडकित्त्यासारखा बारीक. डॉक्टरने हाडाच्या आतून जाणारी एक नस लाल रेषेने रंगवलेली होती.

"ही सांभाळायची. हिला ड्रिल लागला तर खालचा ओठ कायमचा बधिर होऊ शकतो. चहा प्यायला तर ओघळलेला कळणार नाही."

मग त्याने पडद्यावरच एकेक स्क्रू हाडात उतरवून दाखवला. नसेपासून दूर, थोडा तिरका, हाड जिथे जाड आहे तिथे. "आता हे सगळं परदेशातल्या लॅबला पाठवायचं. ते तुमच्या हिरडीवर बरोब्बर बसेल असं एक गाईड बनवून देतात. त्यात धातूच्या नळ्या असतात. ड्रिल त्या नळीतून जातो, त्यामुळे आखलंय तिथेच जातो."

"म्हणजे जिग," मी म्हणालो.

"काय?"

"जिग हाय हा, डॉक्टर. ह्या नळ्या म्हंजे बुश. जन्म गेला आमचा ह्येच्यात."

मला एकदम त्या माणसाशी बोलावंसं वाटायला लागलं. वेगवेगळ्या जाडीच्या ड्रिलसाठी नळीत आणखी नळी घालतात हेही मी त्याला आधीच सांगितलं, आणि तो चकित झाला. याचा मी लगेच फायदा घेतला. खर्चावरून आमची बरीच ओढाताण झाली, त्यात मी दोनदा उठून दारापर्यंत गेलो. ते सगळं सांगत नाही. एकच मुद्दा सांगतो, कारण पुढचं सगळं त्यातून झालं. जिग आल्यावर तो आधी माझ्या ताब्यात द्यायचा, असं मी कबूल करून घेतलं.

"कशाला, काका? ऑपरेशनच्या दिवशी मी वापरणारच आहे."

"आमच्या धंद्यात टूलिंगचे, म्हंजे जिगबिगचे, पैसे गिऱ्हाईकानं दिले की टूलिंग गिऱ्हाईकाचं. काम करणारा ते फक्त वापरतो. मी तपासल्याबिगार माझ्या कुठल्या जॉबवर कुणाचा जिग चढत न्हाई. आन् ह्यो तर माझा जबडा हाय."

"हे लोखंड नाही, काका. नाजूक असतं."

"लोखंडबी नाजूकच आस्तंय. वापरणाऱ्यावर हाय."

त्याने शेवटी हात टेकले. जिग कुरिअरने आला तेव्हा त्याने मला पारदर्शक डबीत घालून दिला, सोबत माझ्या जबड्याचा प्लास्टरचा साचा. डबी सावलीत, थंड जागी ठेवा आणि उद्या सकाळी घेऊन या, असंही तो म्हणाला. मी ऐकलं. पण ऐकलं ते एखाद्या गिऱ्हाईकाने 'जपून हं' म्हटल्यासारखं.

तपासणी ही सबब होती. तो जिग मला अण्णाला दाखवायचा होता. त्याच्यासमोर टेबलावर ठेवायचा आणि म्हणायचं, बघ, तू एक स्विच दाबलास त्याची भरपाई करायला माझ्या जबड्यासाठी परदेशातून जिग आणावा लागला. हे वाक्य मी गाडीत दोन-तीनदा म्हणूनही बघितलं.

वाटेत उद्यमनगरात थांबलो. एक कारखाना बंद पडला होता आणि त्याचं जुनं पोलाद विकायला निघालं होतं. पाच मिनिटांचं काम होतं. पण मालक अडून बसला, आणि कुणी अडून बसलं की माझ्या अंगात येतं. चहा झाला, भांडण झालं, मी निघालो, त्याने हाक मारली, परत बसलो. एप्रिलचं ऊन होतं, पंखा गरम वारा मारत होता. ते पोलाद मला फार नको होतं. त्याने आधी बोलावं एवढंच मला हवं होतं. शेवटी तो बोलला. मी खुशीत बाहेर आलो तेव्हा गाडीचं दार हाताला भाजलं. डबी डॅशबोर्डवर होती, काचेमागे, सगळी दुपार.

पेठेतल्या बोळाच्या तोंडाला गाडी लावली तेव्हा अण्णा दारातच होता. केस पांढरे झाले होते, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. मी आपण होऊन तिथे पाय ठेवलाय हे बघून तो गाडीपर्यंत चालत आला.

"ये तम्मा. काय आणलायस?" तम्मा म्हणजे धाकटा भाऊ, तो मला याच नावाने हाक मारायचा.

"डबी घे ती म्होरली. साचा मी घेतो."

त्याने दार उघडून डॅशबोर्डवरची डबी उचलली आणि लगेच या हातातून त्या हातात केली. मला वाटलं, म्हातारा झाला, हात थरथरतात. हे मला चांगलं आठवतं, कारण ते बघून मला बरं वाटलं होतं.

आत गेल्यावर मी ते वाक्य म्हणायच्या तयारीत होतो. पण अण्णाचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. त्याने फडक्याने हात पुसले, डबी उघडली, जिग उजेडाकडे धरून एकेका बुशमधून बघितलं. "झकास केलंय," तो स्वतःशीच म्हणाला. प्लास्टरचा साचा त्याने सपाट लादीवर ठेवला आणि त्यावर जिग अलगद टेकवला. मी 'टक' आवाजाची वाट बघत होतो. आला नाही. अण्णाने एका टोकावर बोट दाबलं, दुसरं टोक उचललं गेलं. परत दाबलं, परत उचललं.

"डुलतंय, तम्मा."

"डुलंल कसं? कॉम्पुटरनं केल्यालं हाय."

"कुणीबी केलेलं आसू दे. बसत न्हाई. तोंडात घालू नकोस ह्ये."

सावलीत ठेवा, हे डॉक्टरचं बोलणं मला त्याच क्षणी आठवलं. आणि ते आठवल्यामुळेच मी ओरडलो, हे मी आता लिहू शकतो.

"तुझ्या हातनं दबलं आसंल. आत्ता उचलताना हात हलत हुता तुझा. मी बघितलाय."

अण्णाने माझ्याकडे बघितलं. वैनी चहा घेऊन घराकडच्या आतल्या दारात उभी होती, ती तशीच राहिली. मला वाटलं, आता तो उसळेल, आणि मला तेच हवं होतं. पण त्याने जिग परत डबीत ठेवला, डबी ओल्या फडक्यात गुंडाळली आणि माठाच्या शेजारी नेऊन ठेवली.

"उद्या मीबी येतो डॉक्टरकडं," एवढंच म्हणाला.

सकाळी तो गाडीत माझ्याशेजारी बसला, डबी मांडीवर घेऊन. डॉक्टरने जिग साच्यावर ठेवून बघितला, मग माझ्या तोंडात. त्याचा चेहरा उतरला.

"हे वाकलंय. याच्यातून ड्रिल सोडला असता तर नसेवर गेला असता. हे मटेरियल उष्णता सहन करत नाही, मी सांगितलं होतं. काका, उन्हात ठेवलं होतं का?"

मी तोंड उघडलं. तोंडात जिग होता म्हणून नव्हे, तो डॉक्टरने काढून घेतला होता. उघडलं ते बोलण्यासाठीच. पण सवय अशी की आधी बोलायचं नाही. त्या सवयीने मी एक श्वास थांबलो.

"माझ्या हातनं झालं, डॉक्टर," अण्णा म्हणाला. "आमच्याकडं पत्रा हाय, वेल्डिंगचं टेबल तापल्यालं आसतंय. त्येच्यावर ठिवलं मी. तम्मा न्हाई म्हणत हुता. माझं चुकलं."

ते शब्द मी इतकी वर्षं मागत होतो. ते ऐकताना कसं वाटेल याचा मी पंगतींमधून, गाडीतून, झोप येत नसताना विचार केला होता. आता ते दवाखान्याच्या खुर्चीत, तोंडाला लाळ लागलेली असताना मिळाले, आणि ते माझ्या चुकीसाठी होते. डॉक्टर अण्णाकडे वळून, शिकलेल्या माणसाने अडाण्याशी बोलावं तसं, जरा मोठ्याने आणि सावकाश त्याला समजावू लागला. अण्णा मान हलवत होता. नवीन जिगचं जे काय होईल ते आपल्या नावावर लावा, असंही तो म्हणाला. मी कागदी रुमालाने तोंड पुसत बसलो. दर ठरवताना ज्या माणसाने समोरच्याचा एक शब्दही कधी उत्तराशिवाय सोडला नाही, तो मी, एक शब्द बोललो नाही.

परत जाताना पेठेच्या वळणावर मी म्हणालो, "नवा जिग माझा मी बघतो. तू दिऊ नगस." एवढंच जमलं. मला वाटलं, यात सगळं येतं. काही येत नव्हतं.

दुसरा जिग आला तेव्हा तो डॉक्टरने स्वतःकडेच ठेवला आणि मी मागितलाही नाही. ऑपरेशन मी समजत होतो त्यापेक्षा साधं निघालं. इंजेक्शनने जबडा बधिर केला, जिग हिरडीवर बसवला. तो बसताना मला कवटीच्या आतून तो आवाज ऐकू आला, 'टक'. मग पिना मारून तो पक्का केला. डॉक्टर एक ड्रिल घालायचा, काढायचा, बुशमध्ये दुसरा बुश सरकवायचा, पुढचा ड्रिल. कापणं नाही, अंदाज नाही. माझ्याच धंद्याचं काम माझ्यावर चाललं होतं आणि मला हलायची मुभा नव्हती. डोळे मिटून पडल्यावर दिसत होती ती चकातली चावी आणि ती तशीच सोडून दाराकडे वळणारा मी. अण्णाचा हात मी फार वेळा बघितला होता. माझी वळलेली पाठ त्या दिवशी पहिल्यांदा बघितली.

बाहेर आलो तर अण्णा बाकावर बसला होता, पूर्वी बसला होता तसाच.

"दुखतंय?"

मी मान हलवली. ओठ बधिर होता, बोलता येत नव्हतं. मला ते बरं वाटलं. ओठाला संध्याकाळपर्यंत जाग आली, नस शाबूत होती. न बोलण्याची माझी सबब तेवढ्यापुरतीच टिकली असती, पण मी ती पुढे कित्येक महिने ताणली.

हाड स्क्रूला धरेपर्यंत थांबावं लागतं. पावसाळा गेला, दिवाळी गेली आणि मला पक्के दात बसले. त्यानंतरच्या पहिल्याच लग्नात सवयीने मी अण्णाच्या समोरच्या ओळीत बसलो. हुग्गी वाढून झाली, आमटी आली. मी तांब्याला हात घातला, पाणी प्यायला. समोर अण्णाची मान आधीच खाली गेली होती. मी कवळी काढणार म्हणून त्याने मान आपोआप खाली घातली होती, आणि मी काही काढत नाही, कुणी काही विचारत नाही, हे कळायला त्याला दोन-चार घास लागले. मग त्याने हळूच वर बघितलं. पंगतीतून जेवल्याशिवाय उठू नये म्हणून मी पानातलं कसंबसं संपवलं.

संक्रांतीला वैनीची बुट्टी यायच्या आधीच मी पेठेत गेलो. बायको म्हणाली, "आता सांगून टाका. डॉक्टरला काय सांगायला नको, त्येंला सांगा." तिला मी सगळं सांगितलं होतं.

अण्णा पाटावर बसला होता. त्याचेही दात आता जायला लागले होते. कडक भाकरी तो डाळीच्या वाटीत बुडवून, मऊ करून खात होता. वैनीने माझ्यापुढे ताट ठेवलं, त्यात कडक भाकरीची अख्खी चळत. फडक्यातली मऊ भाकरी या वर्षी नव्हती.

मी एक तुकडा मोडला. त्याच्यासमोर तो दातांनी फोडायची मला लाज वाटली. मीही तो डाळीत बुडवला.

"आता काय झालं तुला?" अण्णा म्हणाला. "दात आसून भिजवून खातोस?"

"अण्णा," मी म्हणालो, "तो जिग उन्हात मी ठेवलता. गाडीत."

त्याने वाटीतला तुकडा बोटाने उलटा केला, भिजला का बघितलं.

"ठावं हाय की. डबी उचलली तवा चटका बसला हाताला."

"मग त्या दिशी डॉक्टरफुडं तसं का बोललास?"

"तुला ऐकायचं हुतं न्हवं? किती वर्सं पंगतीत बसून मागत हुतास. दिलं." तो घास गिळून म्हणाला, "कुठल्या जॉबचं का आसंना."

वैनी चुलीकडे तोंड करून हसली की काय, मला दिसलं नाही. माझ्याकडे आता बोलायला एकच गोष्ट उरली होती. ती चावीची होती आणि ती अण्णालाही माहीत होती. मी ती बोलायला सुरुवात केली. "चावी चकात..." एवढं म्हणालो आणि दुसरा तुकडा मोडून डाळीकडे नेला.

अण्णाने माझं वाक्य पुरं व्हायची वाट बघितली. गिऱ्हाईकासारखी नाही, उगाच भाव वाढवायला नाही. नुसती. मग त्याने हात लांब करून माझ्यापुढची डाळीची वाटी स्वतःकडे ओढली.

"म्या ठेवलती," मी म्हणालो.

"व्हय," अण्णा म्हणाला. "आन् म्या बघितलं न्हवतं. आता चाव, आवाज तर ऐकू दे."

मी कोरडी भाकरी दातांत धरली आणि मोडली.